ग्वाल्हेरचा नवतपा कसा काढायचा

मी मूळची दादरची. १९८४ साली लग्न होऊन ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागातल्या जुन्या वाड्यात आले, तीही ऐन मे महिन्यात. पहिल्याच दुपारी गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या घट्ट लावून कूलर सुरू केला. तासाभरात चादरी दमट, काडी पेटेना आणि मी घामाने निथळतेय. सासूबाईंनी येऊन समोरची खिडकी चार बोटं उघडली. "जुनी हवा गेली तर नवी येईल ना गं!"

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो, तेव्हापासूनच्या नऊ दिवसांना इकडे नवतपा म्हणतात. पारा ४५ च्या आसपास. मुंबईकर पाहुणे आले की म्हणतात, "इथे घामच येत नाही!" येतो हो, पण कोरड्या हवेत दिसायच्या आत उडून जातो. लिटरभर घाम सुकताना अंगातली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठ, वाळ्याचे पडदे, कूलर, सगळ्यांचं तंत्र हेच. म्हणून तहान लागायची वाट पाहू नका. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय समजा.

पहाटे घर सताड उघडा आणि आठ वाजले की बंद करा. कूलर मात्र खिडकीत, बाहेरची हवा ओढेल असा हवा आणि समोर वाट मोकळी. दुपारी वीज गेली किंवा नुसता पंखा भट्टीसारखी हवा फेकू लागला, तर ओला पंचा हातापायांवर फिरवा. बाहेर जाणं टळत नसेल तर पूर्ण बाह्यांचं सुती आणि कानांवरून ओढणी. पन्ह्यात मीठ विसरू नका. फारच घाम गेला असेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवतात त्या कांद्याबद्दल माझं मत विचाराल तर तो कोशिंबिरीत घाला. आमचे हे अजूनही खिशात ठेवतात.

घाम ही माणसाची चैन आहे. कुत्र्याला तो फक्त पंजांना येतो. बाकी सगळा भार धापा टाकण्यावर. एकदा संध्याकाळी पाच वाजता आमच्या मोत्याला फिरवायला नेलं आणि त्याचे तळवे भाजून निघाले. तेव्हापासून आधी हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवते. मला सोसलं तरच तो बाहेर. चपट्या नाकाच्या पगला तर दुपारी अंगणातही सोडू नका, त्याला धाप पुरत नाही. म्हशीला घाम कमी आणि कातडी काळी, म्हणून ती डबक्यात बसते. तिला आळशी म्हणू नका.

पक्ष्यांना घामग्रंथीच नाहीत. कावळा चोच वासून बसतो तो गळ्यातली वाफ काढायला. एका वर्षी शेजारच्या गच्चीवरच्या खडीत टिटवीने अंडी घातली होती. ती पोटाची पिसं भिजवून यायची आणि अंड्यांवर बसायची. आपला ओला पंचाच! तेव्हा गच्चीवर सावलीत पसरट मातीचं भांडं ठेवा, पाणी दोन-तीन बोटंच, आणि मधे एक खडबडीत दगड. नाहीतर मधमाश्या बुडतात. पाणी रोज बदला आणि आठवड्यातून एकदा आतून घासा, कारण डासांची अंडी कडेला चिकटून राहतात.

कुणी असंबद्ध बोलू लागलं आणि अंग तव्यासारखं तापलं असेल, तर पॅरासिटामॉल शोधत बसू नका, या तापावर ती चालत नाही. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

जूनअखेर पाऊस आला की हवा ओली होते, घाम सुकत नाही आणि कूलरही हात टेकतो. पाण्याची मोटर बंद करा, नुसता पंखा चालू द्या. टाकी त्याच दिवशी उपसून, घासून उन्हात पालथी घाला. आमच्याकडे हे काम दरवर्षी दिवाळीपर्यंत लांबतं.