एपीआयची नोंदवही आणि एक डॅश

आमच्याकडे साठेक एपीआयची, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायच्या ठरलेल्या वाटांची, यादी एका एक्सेल फाइलमध्ये होती. फाइलचं नाव 'फायनल नवीन २'. कुठला एपीआय कुणाच्या ताब्यात, हे कळायला टपरीवर चहा पाजावा लागे. शेवटी मी अपिजी रजिस्ट्री, म्हणजे एपीआयची नोंदवही, लावून घेतली. गूगलचं ओपन सोर्स टूल आहे. सर्व्हर वेगळा चालतो, त्याच्याशी बोलायला 'रजिस्ट्री' नावाची कमांड.

आधी स्वतःच्या लॅपटॉपवर करून बघा. सर्व्हर सुरू करा, मग 'रजिस्ट्री कॉन्फिग'ने पत्ता द्या: लोकलहोस्ट (म्हणजे हाच लॅपटॉप), पोर्ट ८०८०. सोबत इनसिक्युअर ट्रू (एन्क्रिप्शनशिवाय जोड, असं सांगणं), नाहीतर जोडणीच होत नाही. हे लॅपटॉपपुरतंच हं. मग एक प्रोजेक्ट तयार करा.

खरी मेख नावात आहे. इथे प्रत्येक गोष्टीचं नाव म्हणजे टपालाचा पूर्ण पत्ता: प्रोजेक्ट्स, प्रोजेक्टचा आयडी, लोकेशन्स, ग्लोबल, एपीआयज, एपीआयचा आयडी, व्हर्जन्स, व्हर्जनचा आयडी, स्पेक्स (स्पेक म्हणजे एपीआय कसा वापरायचा याचं लेखी वर्णन). मधे तिरक्या रेघा. आयडीत लहान इंग्रजी अक्षरं, आकडे, डॅश आणि टिंब एवढंच. अंडरस्कोअर चालत नाही, आणि आमची अर्धी नावं अंडरस्कोअरवालीच! ती बदलण्यात एक अख्खी दुपार गेली.

स्पेक एकेक करून चढवत बसू नका. एपीआयच्या नावाचा फोल्डर, त्यात व्हर्जनचा, त्यात ओपनएपीआयची (स्पेक लिहायची ठरलेली पद्धत) यॅमल फाइल, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, अशी मांडणी करून 'रजिस्ट्री अपलोड ओपनएपीआय' चालवा. मग 'रजिस्ट्री गेट'ने काय काय आलं ते पाहा. आयडीच्या जागी डॅश टाकला की त्या पातळीवरचं सगळं येतं. म्हणजे एपीआयज-तिरकी रेघ-डॅश लिहिलं की सगळे एपीआय. एका डॅशमध्ये अख्खं गाव.

याच डॅशने मला झोपवलं. बिलिंगचं जुनं 'व्ही१' काढायचं होतं. वरचा बाण दाबून आधीची 'गेट'ची ओळ परत आणली, 'गेट' खोडून 'डिलीट' लिहिलं. खाली स्पेक असताना व्हर्जन हटत नाही, म्हणून फोर्स, म्हणजे खालचंही सगळं काढ असा पर्याय, तोही जोडला. बिलिंगच्या आयडीच्या जागी डॅश तसाच राहिला होता. एंटर मारलं आणि सगळ्याच एपीआयची 'व्ही१' साफ.

स्पेकच्या फाइली गिटमध्ये (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारं टूल) होत्या, त्यामुळे पुन्हा अपलोड करून परत आल्या. पण व्हर्जनांवर 'रजिस्ट्री लेबल'ने चिकटवलेली टीमची नावं कुठेच लिहिलेली नव्हती. ती मिळवायला परत टपरी, परत चहा, या वेळी बिल माझं.

आता लेबल थेट कमांडने लावत नाही. यॅमल फाइलमध्ये लिहितो, 'रजिस्ट्री अप्लाय' चालवतो, फाइल गिटमध्ये टाकतो. यॅमलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच द्या.

आणि डिलीट करायच्या आधी तोच पत्ता 'गेट'ला देऊन किती ओळी येतात ते मोजतो. एक अपेक्षित असताना चाळीस आल्या, तर हात कीबोर्डवरून बाजूला.