स्टेअरिंगचा आफ्टरमार्केट पार्ट वॉरंटीत बिघडला अन् कस्टमर केअर दाद देत नाही, तर काय काय करायचं

सोयाबीन सोंगायच्या दिवसात गाडी घरी उभी राहिली की काय हाल होतात ते ज्याची गाडी आहे त्यालाच माहीत. माझी जुनी पिकअप आहे, दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून यवतमाळला माल नेतो, स्वतःच चालवतो. तिची पॉवर स्टेअरिंगची रॅक, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग, गेली तेव्हा शोरूमची रॅक परवडत नव्हती म्हणून आफ्टरमार्केटची ऑनलाइन मागवली, १ वर्षाची वॉरंटी लिहिलेली होती. पेरणीच्या आधी बसवली अन् सोंगणीला तिच्यातून ऑइल गळायला लागलं. बदलून मिळेपर्यंत अडीच महिने गेले, त्यातला पहिला दीड महिना मी फक्त फोन करत होतो अन् त्या दीड महिन्यात काम तसूभरही पुढे गेलं नाही. लिहून पाठवायला लागलो तेव्हा कुठं गाडं हललं. म्हणून सगळं क्रमाने सांगतो, कारण गावोगाव हेच चालू आहे, पार्ट बिघडतो, माणूस फोन करून करून थकतो अन् पदरचे पैसे घालून दुसरा आणतो.

आधी एक गैरसमज काढून टाका. आफ्टरमार्केट म्हणजे डुप्लिकेट नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीचा नसून दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने बनवलेला पार्ट म्हणजे आफ्टरमार्केट, त्याची वॉरंटी तिची अन् जबाबदारीही तिचीच. डुप्लिकेट म्हणजे भलत्याच्या नावाचा डबा छापून विकलेला माल. "लोकल होता, आता काय करता" असं दुकानदार म्हणतो तेव्हा तो या दोन गोष्टी एकत्र करतो, ते ऐकून गप बसू नका.

गाडी उभी करा अन् नेमकं काय गेलं ते पाहा

स्टेअरिंगचं काम आहे, "हळूहळू नेतो" असं करू नका. खेळ वाढला, खडखड आली, ऑइल गळतंय, स्टेअरिंग मधेच जड होतंय, यातलं काहीही असलं तरी माल भरू नका. जीवाचं तर आहेच, शिवाय बिघाड दिसल्यावरही गाडी चालवत राहिलात तर कंपनीला "तुम्हीच वाढवलं" म्हणायला आयती जागा मिळते. किलोमीटरच्या काट्याचा फोटो काढून ठेवा.

मग तपासा. पुढचं चाक जॅकवर उचला, खाली स्टँड किंवा लाकडी ठोकळा लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. घड्याळात ९ अन् ३ जिथं असतात तिथं दोन हातांनी चाक धरून हलवा, खेळ लागला तर बहुतेक टायरॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे रॅक अन् चाक जोडणारे सांधे. १२ अन् ६ च्या जागी धरून खेळ लागला तर बॉल जॉइंट नाहीतर व्हील बेअरिंग. चाक खाली ठेवून एकाने स्टेअरिंग थोडं डावी-उजवी करायची अन् दुसऱ्याने खालून पाहायचं, कोणता जॉइंट आधी हलतो अन् कोणता मागून येतो ते डोळ्याला दिसतं.

ऑइल गळत असेल तर आधी सगळं पुसून कोरडं करा, इंजिन चालू करून स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवा अन् मग पाहा. कित्येकदा पाइपाच्या जोडातून गळतं अन् ओघळ रॅकवर येतो, अशी रॅक परत पाठवली तर ती जशीच्या तशी परत येते अन् भाडं आपल्या अंगावर. माझ्या रॅकच्या दोन टोकांना जे रबरी बूट असतात त्यातला डावीकडचा मिस्त्रीने बोटांनी दाबला तर आत खळखळ आवाज आला, क्लिप सैल केल्यावर लाल ऑइलची धारच हातावर आली. बूट बाहेरून कोरडा, कुठं फाटलेला नाही. म्हणजे ऑइल अडवणारं आतलं सील गेलेलं.

मिस्त्रीने पाना लावायच्या आधी

सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात. मिस्त्री आपला माणूस असतो, तो म्हणतो "भाऊ, कायले कंपनीच्या मागं लागता, मी खोलून सील टाकून देतो", अन् आपल्यालाही वाटतं काम होऊन जाईल. पण रॅक एकदा उघडली की वॉरंटी संपली, बहुतेक वॉरंटी कार्डावर तसं लिहिलेलंच असतं. म्हणून दावा करायचा असेल तर पार्ट खोलायचा नाही.

खोलायच्या ऐवजी व्हिडिओ काढा. गाडीवर बसलेला असतानाच काढा, एकाच व्हिडिओत गाडीचा नंबर, मग काटा, मग खाली जाऊन पार्टवरचा सिरियल नंबर, मग बिघाड, मधे न थांबवता. खाली वाकून मोबाइलच्या उजेडात सिरियल नंबर दिसत नाही, चिखल बसलेला असतो, आपली काळी माती तर सिमेंटसारखी धरते, तेव्हा ओल्या फडक्याने पुसा, तारेच्या ब्रशने घासू नका, स्टिकर निघून जातं अन् त्याबरोबर दावाही.

मिस्त्रीकडून दोन ओळी लिहून घ्या, साध्या कागदावर चालेल: कोणत्या तारखेला पार्ट बसवला, कोणत्या तारखेला काय दिसलं, खाली सही अन् गॅरेजचा शिक्का. शिक्का नसेल तर नाव अन् मोबाइल नंबर. अशा कागदाला काय किंमत असं वाटेल, पण पुढे "फिटिंग चुकीचं" म्हणतात तेव्हा हाच कामी येतो.

बिल, डबा अन् डब्यावरचा पत्ता

बिल तुमच्या नावाचं पाहिजे. आपल्याकडे पार्ट मिस्त्रीच मागवतो अन् बिल गॅरेजच्या नावाने निघतं, मग कंपनी म्हणते तुम्ही आमचे ग्राहकच नाही. पुढच्या वेळी घेताना बिलावर स्वतःचं नाव, गाडीचा नंबर अन् पार्ट नंबर लिहून मागा. दुकानदार बिलच देत नसेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, हे त्याला नीट शब्दात सांगा, भांडायची गरज पडत नाही.

डबा फेकू नका. पॅकबंद मालाच्या डब्यावर बनवणाऱ्याचं, पॅक करणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी अन् तक्रारीसाठी फोन-ईमेल छापावा लागतो, वैधमापनशास्त्राचा, म्हणजे वजन-मापाच्या कायद्याचा, नियम आहे तो. वेबसाइटवरचा टोल फ्री नंबर लागत नसला तरी डब्यावरचा ईमेल अन् पत्ता तुमच्या हातात राहतो. मला खरा पत्ता डब्यावरच सापडला, तो डबा घरच्यांनी खिळे-नट ठेवायला घेतला होता म्हणून वाचला.

फोन करा, पण लिहून पाठवल्याशिवाय दिवस मावळू देऊ नका

फोनवर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. "सर, आपकी कंप्लेंट रजिस्टर हो गई है, ४८ घंटे में कॉल आएगा." कॉल येत नाही. परत लावला तर नवीन माणूस, परत पहिल्यापासून सगळं सांगा, तोवर रेंज जाते. शेतात असताना त्यांचा कॉल येऊन गेला अन् आपण उचलला नाही की "ग्राहक उपलब्ध नाही" लिहून तक्रार बंद. माझी दोनदा अशी बंद झाली.

म्हणून फोन ठेवल्या ठेवल्या ईमेल करा. ईमेल जमत नसेल तर घरातल्या पोराला सांगा, नाहीतर सेतू केंद्रातून करून घ्या. मी असं लिहिलं होतं:

"मी अमुक तारखेला तुमच्याकडून पॉवर स्टेअरिंग रॅक घेतली. बिल नंबर, पार्ट नंबर अन् सिरियल नंबर खाली दिला आहे. वॉरंटी अमुक तारखेपर्यंत आहे. अमुक तारखेला डाव्या बाजूच्या सीलमधून ऑइल गळत असल्याचं दिसलं. पार्ट उघडलेला नाही. व्हिडिओ, बिल अन् मेकॅनिकचं पत्र जोडलं आहे. आज इतक्या वाजता तुमच्या प्रतिनिधीशी बोलणं झालं, त्यांनी असं असं सांगितलं. ही गाडी मी स्वतः चालवतो अन् त्यावर माझं पोट आहे. पार्ट बदलून द्यावा किंवा पैसे परत करावेत, १५ दिवसात लेखी कळवावं."

मराठीत लिहिलं तरी चालतं, हिंदीत लिहिलं तर लवकर वाचतात एवढाच फरक. राग आला तरी शिवी, धमकी लिहू नका, वेळ आली तर हेच पत्र पुढे ग्राहक आयोगासमोर जाणार आहे. दरवेळी त्याच मेलला उत्तर द्या, नवीन मेल करू नका, सगळी साखळी एका जागी राहते. ऑनलाइन घेतलं असेल तर विकणाऱ्या साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही तोच मेल टाका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासात पोच द्यायची अन् १ महिन्यात तक्रार सोडवायची असते. त्याचं नाव अन् संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे, पार तळाला बारीक अक्षरात असतं, शोधा.

ते काय म्हणतील

"फिटिंग अधिकृत सर्व्हिस सेंटरला नव्हतं." विचारा की ही अट घेताना कुठं लिहिली होती, त्या कागदाचा फोटो पाठवा. वॉरंटी कार्डात असेल तर कठीण आहे, नसेल तर नंतर घालता येत नाही.

"ऑइलमध्ये घाण होती, म्हणून सील गेलं." हे खोटंच असतं असं नाही. जुनी रॅक खराब होते तेव्हा तिचा लोखंडी चुरा ऑइलमध्ये मिसळतो, ते ऑइल न काढता नवी रॅक बसवली तर तोच चुरा नवं सील कापतो. म्हणून बसवताना जुनं ऑइल पूर्ण काढायचं, टाकी अन् पाइप धुवायचे अन् नवीन ऑइलचं बिल जपायचं. माझ्याकडे ऑइलच्या डब्याचं बिल त्याच तारखेचं होतं, ते पाठवल्यावर हा मुद्दा परत निघाला नाही.

"बूट फाटून पाणी गेलं." बूट शाबूत असल्याचा जवळून फोटो, चारी बाजूंनी.

"गाडी कमर्शियल आहे, तुम्ही ग्राहक नाही." ठामपणे सांगा, धंद्यासाठी घेणारा ग्राहक नाही असा अपवाद कायद्यात आहे, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून वापरलेली वस्तू त्यात येत नाही. एकच पिवळ्या पाटीची गाडी स्वतः चालवणारा माणूस ग्राहकच आहे.

पार्ट परत पाठवताना

शहरात कुरिअरवाला दारात येतो. आमच्या पिनकोडवर घरून माल उचलायची सोयच (कुरिअरचं पिकअप) नाही, तीनदा रिक्वेस्ट पडली अन् तीनदा कॅन्सल झाली, दरवेळी कारण "ग्राहकाने माल दिला नाही". शेवटी मी लिहून कळवलं की इथं पिकअप होत नाही, मी स्पीड पोस्टाने पाठवतो, भाडं तुमच्याकडे राहील, मान्य असल्याचं लेखी द्या. दोन दिवसांनी "ओके" एवढंच आलं, पण तेवढं पुरे झालं.

पाठवताना ऑइल पूर्ण निथळू द्या, पाइपाच्या तोंडांना टोपणं किंवा प्लास्टिक बांधा, नाहीतर गळणारं पार्सल पोस्ट घेत नाही. वजन करतानाचा फोटो, डबा बंद करतानाचा व्हिडिओ. रॅक तुमचीच आहे हे पुढे ओळखता यावं म्हणून सिरियल नंबरचा ठळक फोटो ठेवा, "आम्हाला दुसराच पार्ट आला" असंही म्हणतात. पोस्टाची पावती उन्हात ठेवली की कोरी होते, त्याच दिवशी तिचाही फोटो काढा. अन् मूळ बिल कधीच पाठवायचं नाही, झेरॉक्स द्या.

१९१५

१५ दिवसात उत्तर नाही आलं की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा. सकाळी ८ ते रात्री ८, मराठीत बोलता येतं. व्हॉट्सअपसाठी ८८००००१९१५ आहे. तक्रारीचा डॉकेट नंबर मिळतो, तो जपा. ते कंपनीकडे तक्रार पाठवतात, हुकूम देऊ शकत नाहीत, पण कंपनीत ही तक्रार कॉल सेंटरच्या पोरांकडे न जाता वरच्या माणसाकडे जाते, फरक तिथंच पडतो. मला डॉकेट नंबर मिळाल्यापासून नवव्या दिवशी पहिला असा फोन आला ज्यात समोरच्याने माझा मेल वाचलेला होता.

तरीही नाही झालं तर जिल्हा आयोग

यालाच लोक अजून ग्राहक मंच म्हणतात. कंपनी दिल्लीची असो की गुजरातची, तक्रार तुमच्या जिल्ह्यात करता येते, तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथं, म्हणजे माझ्यासाठी यवतमाळ. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, सुनावणी व्हिडिओवर व्हावी असा अर्जही देता येतो. मुदत २ वर्षं. कायद्यात ३ महिन्यांचं लक्ष्य आहे अन् पार्टची तपासणी लागली तर ५ महिन्यांचं, प्रत्यक्षात जास्त लागू शकतात, तेवढी तयारी ठेवून जा. विकणारा अन् बनवणारा दोघांनाही पार्टी करा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

बदललेला पार्ट आला की

डबा उघडतानाचा व्हिडिओ काढा, सिरियल नंबर नवीन आहे का पाहा, रिपेअर करून रंगवलेला तर नाही ना ते पाहा. उरलेली वॉरंटी जुन्या तारखेपासून की नव्या, हे मेलवर विचारून घ्या. रॅक काढताना-बसवताना चाकं सरळ अन् स्टेअरिंग बांधलेली पाहिजे, ती मोकळी फिरली तर एअरबॅगच्या गाडीत स्टेअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे एअरबॅगला जोडणारी गुंडाळलेली वायर, तुटते. टायरॉडचा नट सुटू नये म्हणून लावतात ती स्प्लिट पिन नवीनच टाका, जुनी सरळ करून परत घालू नका. ऑइल भरल्यावर हवा काढा, मग चाकांची कॉम्प्युटर अलाइनमेंट, त्यासाठी मला यवतमाळपर्यंत जावं लागलं, ४० किलोमीटर, रिकाम्या गाडीने हळू गेलो. अलाइनमेंटची छापील स्लिप, ऑइलचं बिल, नव्या रॅकचं बिल अन् मिस्त्रीचा कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवलंय, अन् सगळ्याचे फोटो बायकोच्या मोबाइलवर.