महासाथीची लस वस्तीत न्यायाने पोचवायची कशी

लस मागवण्याआधी माणसं मोजा. साथीच्या दिवसांत जो तो विचारतो, "आज किती डोस आले?" केंद्रावर रोज सकाळी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: अजून कोण राहिलंय? त्याचं उत्तर कागदावर नसेल, तर लस आपोआप धडधाकट, फोनवाल्या आणि ओळखीपाळखीच्या माणसांकडे जाते.

ही पद्धत मुंबईतल्या हेल्थ पोस्टचे, म्हणजे वस्तीतल्या पालिका आरोग्य केंद्रांचे कर्मचारी, आरोग्य सेविका आणि त्यांना हातभार लावणारी मंडळं, बचत गट यांच्यासाठी आहे. आकडे कोविडच्या लशींचे आहेत. पुढच्या साथीत कुपी वेगळी असेल, तेव्हा तिच्यासोबतचं पत्रक आधी वाचा.

यादी

ऑनलाइन नोंदणीवर विसंबू नका. १ मे २०२१ ला १८ ते ४४ वयोगटाची लस सुरू झाली, तेव्हा सुरुवातीला ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. स्लॉट उघडायचे आणि बघता बघता संपायचे. नाक्यावर कामासाठी उभ्या असलेल्या माणसाला ते कधी मिळणार?

गल्लीवार फिरा. रेशनकार्ड किंवा मतदारयादीवरून नावं उतरवली, तर कारखान्यातच झोपणारे कामगार, पोटमाळ्यावर भाड्याने राहणारे, पुलाखालची कुटुंबं हमखास सुटतात. प्रत्येक नावापुढे वय, जुना आजार, घराबाहेर पडता येतं की नाही, घरी असण्याची वेळ आणि एका शेजाऱ्याचा फोन लिहा. आजाराचा रकाना असलेली यादी भिंतीवर लावू नका, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकू नका.

कोविडमध्ये क्रम ठरलेला होता: आरोग्य कर्मचारी आणि आघाडीवरचे कर्मचारी, मग वयस्कर आणि जुने आजार असलेले, मग बाकीचे. एका गटात माणसं जास्त आणि डोस कमी असतील, तर गल्ल्यांच्या चिठ्ठ्या टाका आणि क्रम आदल्या दिवशी सगळ्यांना सांगा. कोणाच्याही शिफारशीवर नंबर पुढे घेऊ नका. एकदा घेतलात की दुसऱ्या दिवशी रांग केंद्राबाहेर न लागता शिफारस देणाऱ्याच्या दारात लागते.

किती मागवायचे

समजा, यादीत साठीपुढचे ३२० जण आहेत. वाया जाणारे डोस ५ टक्के धरले तर गुणक येतो १०० भागिले ९५, म्हणजे साधारण १.०५. पहिल्या फेरीला ३३७ डोस, म्हणजे दहा डोसांच्या ३४ कुप्या. एका सत्रात शंभर माणसं होतात, म्हणून चार सत्रं. उघडलेली कुपी पुढच्या सत्राला चालत नाही, म्हणून शंभराच्या तीन सत्रांना ११-११ कुप्या आणि उरलेल्या वीस जणांना ३, म्हणजे मागवायच्या ३६. वरून मागणी विचारतील तेव्हा हा हिशेब हातात ठेवा.

वॉर्डात साठा वाटताना काल कुठे किती खपले हे बघून आज देऊ नका. जिथे लोक स्वतःहून येतात तिथेच साठा जातो आणि मागे पडलेली वस्ती मागेच राहते. यादीत राहिलेल्यांच्या संख्येवर वाटा. जगाच्या पातळीवरही हाच पेच होता. 'गावी' ही आंतरराष्ट्रीय लस-आघाडी, लस-संशोधनाला पैसा पुरवणारी 'सेपी' आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी उभ्या केलेल्या 'कोव्हॅक्स' या लस-वाटप योजनेने पहिल्या टप्प्यात प्रत्येक देशाला लोकसंख्येच्या प्रमाणात, २० टक्क्यांपर्यंत लस द्यायचं ठरवलं. नियम सोपा होता, पण साथ कुठे जास्त भडकलीय हे त्यात येत नव्हतं. आणि श्रीमंत देशांनी आधीच करार करून माल अडवून ठेवला, तेव्हा वाटायला हातात होतंच किती? घानाला २४ फेब्रुवारी २०२१ ला पुण्यात बनलेले ६ लाख डोस पोचले. नंतर भारतात दुसरी लाट आली, निर्यात थांबली, आणि एकाच कारखान्यावर भिस्त ठेवलेले देश ताटकळले. म्हणून मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या जागतिक महासाथ करारात सहभागी उत्पादकांकडून २० टक्क्यांपर्यंत उत्पादन जागतिक आरोग्य संघटनेला साथ चालू असतानाच मिळावं, एकूण उत्पादनाच्या निदान १० टक्के दान म्हणून, असं लिहिलं आहे. वाटा आधी लिहून ठेवला तरच मिळतो, हे वॉर्डालाही लागू आहे.

साठा घेताना

आधी एक्स्पायरी बघा, मग संख्या. डिसेंबर २०२१ मध्ये नायजेरियाने मुदत संपलेले १० लाखांहून जास्त डोस नष्ट केले. दान आलं होतं, पण मुदतीचे थोडेच दिवस उरलेलं. त्याआधी नोव्हेंबरात कोव्हॅक्स आणि आफ्रिकेतल्या संस्थांनी मिळून मागणी केली होती की डोस देशात पोचताना निदान १० आठवडे शिल्लक असावेत आणि ४ आठवडे आधी कळवावं. वॉर्डात इतका वेळ मिळत नाही, पण हिशेब तोच करा: उरलेले दिवस गुणिले रोजची क्षमता. दहा दिवस उरलेत आणि रोज शंभर होतात, तर हजाराच्या वर सही करू नका.

थंडी

लस इथे बिघडते, आणि तीही फक्त उन्हाने नव्हे, बर्फानेही. कोव्हॅक्सिन आणि कोविशिल्ड दोन्ही २ ते ८ अंशांत ठेवायच्या. डीप फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक उणे २० च्या आसपास असतो. तो तसाच कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या थंड पेटीत, घातला की शेजारची कुपी गोठते. म्हणून आइसपॅक बाहेर काढून टेबलावर मांडा. वरचं पांढरं दव वितळून घाम सुटेपर्यंत थांबा, मग कानाशी धरून हलवा. आत पाणी खळखळल्याचा आवाज आला की तयार. मे महिन्यात हे लवकर होतं, एसीच्या खोलीत वेळ लागतो, म्हणून घड्याळावर जाऊ नका, कानावर जा. पॅकमध्ये नळाचं साधं पाणी भरा. मीठ घातलंत तर तापमान शून्याखाली जाऊन नेमकी तीच चूक होईल.

कॅरियरला चार आइसपॅक लागतात आणि १६ ते २० कुप्या मावतात. झाकण वारंवार उघडू नका, उघडलेली कुपी वरच्या फोमच्या खाचेत ठेवा. आयएलआरचं, म्हणजे लस ठेवायच्या फ्रिजचं, तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा, सुटीच्या दिवशीसुद्धा.

कोव्हॅक्सिनमध्ये ॲल्युमिनियमचा क्षार असतो. गोठल्यावर त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि लशीची ताकद जाते. संशय आला तर त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम रात्रभर गोठवा आणि वितळू द्या. दोन्ही कुप्या सारख्या हलवून उजेडात शेजारी ठेवा. गोठलेल्या कुपीत अर्ध्या तासात तळाशी गाळ बसतो आणि वर पाणी निवळतं. संशयित कुपी तशीच किंवा त्याहून लवकर निवळली, तर बाद. ज्या लशीत हा क्षार नाही तिथे, म्हणजे कोविशिल्डसाठी, ही चाचणी काहीच सांगत नाही. ती गोठली असेल तर वेगळी काढा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. प्रयोगशाळेत लस कशी घडवली यावर ती शेवटी कोणाला मिळणार हे ठरतं ते असं. फायझरच्या लशीला आधी उणे ७० च्या आसपासचा फ्रीझर लागायचा, आणि हेल्थ पोस्टवर तो नसतो.

वेळ, जागा आणि उघडी कुपी

वस्तीत पाण्याची वेळ आधी विचारा. नळ चालू असताना बाई घर सोडत नाही. नाका कामगार सकाळी कामावर जाण्याआधी, घरकाम करणाऱ्या बायका दुपारी, मासे विकणाऱ्या मावश्या संध्याकाळी, असं सत्र लावा. जागेला आत यायचं आणि बाहेर जायचं दार वेगळं हवं, शिवाय बसायची सावली.

कुपी उघडली की लेबलवर वेळ लिहा, चार तासांनी टाकून द्या. दोन कुप्यांतलं उरलेलं एकत्र करून डोस बनवू नका. सत्राच्या शेवटच्या तासात नवी कुपी उघडण्याआधी राखीव यादीतल्यांना फोन करा.

पण कोणी न आल्यामुळे तीन डोस वाया जाणार असतील, तरी समोर बसलेल्या आजींना परत पाठवू नका. वरिष्ठांनी वाया गेलेल्या डोसांवरूनच कामाचं माप काढलं, तर केंद्रं गर्दीच्या जागी सरकतात आणि लहान वस्त्या सुटतात. लहान सत्रात डोस जास्त वाया जातात, त्याची तजवीज गुणकातच करा.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी एकाच चाळीतली, एकाच मजल्यावरची घरं जोडून घ्या. दहा डोस, चार तास, म्हणजे एका घराला २४ मिनिटं, आणि देखरेख तर अर्धा तास लागते. म्हणून टोचणारी नर्स पुढे जाते आणि दुसरी प्रशिक्षित व्यक्ती मागे थांबते. मागे थांबणाऱ्याकडेच ॲड्रेनलिनचा किट हवा.

घेरी आली तर नाडी मंद होते आणि आडवं झोपवल्यावर माणूस सावरतो. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीत, नाडी जलद आणि क्षीण होते, अंगावर पित्त उठतं, श्वास घरघरतो आणि झोपवून सुधारणा होत नाही. तेव्हा १:१००० ॲड्रेनलिन, मोठ्या माणसाला ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आणि लगेच १०८.

नोंद

३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवालमध्ये प्लेगची लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. लस परळच्या प्रयोगशाळेतली होती, ठपका ती लस शोधणारे वॉल्डेमार हाफकिन यांच्यावर आला आणि तो पुसला जायला १९०७ उजाडलं. बाटलीला क्रमांक होता, म्हणून निदान शोध एका बाटलीपाशी येऊन थांबला. प्रत्येक नावापुढे बॅच नंबर, कुपी उघडल्याची वेळ आणि टोचणाऱ्याचं नाव लिहा. २०२१ मध्ये मुंबईत बनावट शिबिरं झाली आणि पैसे भरून लोक फसले. परवानगीचं पत्र आणि बॅच नंबर दारावरच लावा, सीलबंद कुपी मागेल त्याला दाखवा.

सत्र संपलं की न आलेली नावं त्याच संध्याकाळी वेगळी काढा आणि पुढे कारण लिहा. 'कामावर' असेल तर पुढचं सत्र रात्री आठला. 'आजारी' असेल तर घरी जा. 'नको म्हणाले' असेल तर लस घेतलेल्या त्यांच्याच गल्लीतल्या माणसाला सोबत न्या आणि आधी त्यांची भीती ऐकून घ्या. 'गावी गेले' असेल तर शेजाऱ्याला फोन करून परतण्याची तारीख घ्या आणि ती कॅलेंडरवर लिहा.