मोबाइल घरी ठेवून तीन रात्री : खानापूर-बेळगाव भागातल्या सुट्टीची आखणी

मोबाइलशिवाय सुट्टीला जायचं ठरलं की लोक मनाची तयारी करतात, कागदांची करत नाहीत. आणि बेत बिघडतो तो नेमका कागदांपायी. तिकीट मोबाइलमध्ये, पैसे मोबाइलमध्ये, मुक्कामाचा पत्ता मोबाइलमध्ये, बीपीच्या गोळीचा गजरही मोबाइलमध्येच. यातलं एक काम जरी राहून गेलं तरी पहिल्याच संध्याकाळी ‘एवढ्यापुरता चालू करूया’ म्हणत कुणीतरी फोन काढतो आणि मग तो परत पिशवीत जात नाही.

म्हणून निघायच्या पंधरा दिवस आधी स्वयंपाकघराच्या दारावर एक कोरा कागद चिकटवा. दोन दिवस घरातल्या कुणीही फोन हातात घेतला की कशासाठी घेतला ते एका शब्दात तिथे लिहायचं. वेळ, हिशेब, बस, पैसे, उजेड, फोटो, औषध, पाऊस, करमणूक. दोन दिवसांत पंधरा-वीस कामं निघतात. आता प्रत्येक कामापुढे ते सुट्टीत कोण किंवा काय करणार ते लिहा. पुढची सगळी आखणी याच कागदावरून होते. ज्या कामापुढची जागा रिकामी राहील, तिथे सुट्टी अडणार हे धरूनच चाला.

जागा आणि तारखा

पहिल्या वेळी तीन रात्री पुरेत. दोनच ठेवल्या तर एक अख्खा दिवस हात खिशाकडे जाण्यातच जातो आणि कुठे जरा जीव रमतोय तोवर परतायची वेळ होते. मुक्काम मात्र एकच ठेवा. जागा बदलली की नवं बुकिंग, नव्या बसगाड्या, नवे पत्ते, आणि यातल्या प्रत्येकासाठी फोनची आठवण होते.

खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग, म्हणजे जांबोटी-कणकुंबीकडचा पट्टा, याला चांगला. तिकडे रेंज तशीही कमी असते, मराठी सगळीकडे चालते आणि चालायला, बसायला, पाहायला भरपूर आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. खानापूरजवळ त्याच नदीकाठी असोग्याचं देवस्थान आहे. खानापूरपासून सुमारे १४ किलोमीटरवर हलशी. वाटेत लागतं नंदगड, जिथे इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली फाशी दिलं. गोकाकचा धबधबा, कित्तूरचा किल्ला, सौंदत्ती हीसुद्धा पाहण्यासारखी ठिकाणं आहेत, पण तिकडे कानडी लागतं. तोडकंमोडकंही येत नसेल तर ती दुसऱ्या खेपेला ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात सोयीचा. पावसाळ्यात कणकुंबी-चोर्ला भागात पाऊस झोडपतो, वीज जाते, झाडं पडून रस्ते अडतात. भीमगड अभयारण्यातल्या आणि आजूबाजूच्या धबधब्यांकडे जायला वन खात्याची मनाईही होते. अशा वेळी रस्ता चालू आहे की बंद हे कळायला फोन नसेल तर उगाच धोका ओढवून घेतल्यासारखं होतं.

तारखा ठरवताना काही गोष्टी मुद्दाम तपासा. डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असेल तर बेळगावातली लॉजं भरलेली असतात. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, शहरात मिरवणुका आणि बंदोबस्त असतो, त्या दिवशी बेळगावात गाडी बदलायचा बेत नको. यल्लम्माच्या यात्रांच्या पौर्णिमेला सौंदत्तीकडच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. सीमाप्रश्नावरून तणाव झाला की महाराष्ट्र-कर्नाटक दोन्ही राज्यांच्या एसटी एकमेकांच्या हद्दीत जायच्या थांबतात. फोन हातात नसताना हे आयत्या वेळी स्टँडवर कळतं. त्यामुळे कोल्हापूर, चंदगडहून येणाऱ्यांनी परतीच्या आदल्या दिवशीच डेपोत चौकशी करावी आणि एक दिवस हातचा ठेवावा.

एवढं सगळं जमवून अमावास्येच्या आसपासचे दिवस मिळाले तर तेच घ्या. कारण पुढे येईल. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या त्या महिन्याच्या पानाची झेरॉक्स काढून सोबत ठेवा. तिथी आणि सूर्योदय-सूर्यास्त त्यावरच मिळतात.

मुक्काम ठरवताना

बुकिंग ऑनलाइन करा, हवं तर, पण त्यानंतर मालकाशी एकदा बोला. जेवणाच्या वेळा विचारा. खोलीतला टीव्ही बंद ठेवता येईल का, निदान रिमोट काढून घेता येईल का, ते विचारा. शेवटी हे विचारा : ‘आमच्या घरच्यांना तुमचा नंबर दिला तर चालेल ना? अडचण असेल तरच फोन येईल.’ इथल्या गावांत याला सहसा कुणी नाही म्हणत नाही, मात्र आधी विचारलेलं बरं. पूर्वीसारखे पीसीओ आता नाहीत. मालकाचा फोन हाच तुमचा पीसीओ.

मग एका कागदावर मुक्कामाचं नाव, गाव, जवळचा स्टॉप, मालकाचा नंबर, तारखा, दिलेली आगाऊ रक्कम आणि त्या व्यवहाराचा क्रमांक लिहा. याच्या तीन प्रती काढा : एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या मोठ्या माणसाकडे, एक घरी राहणाऱ्यांकडे. मोठ्यांची आधार कार्डं मूळ घ्या. फोनमधली प्रत या वेळी उपयोगाची नाही.

पैसे

मुक्कामाची बाकी, जेवण आणि प्रवास यांची बेरीज करून त्यात पाव हिस्सा वाढवा आणि सगळी रोख घ्या. खरी अडचण सुट्ट्या पैशांची होते. गुगल पे आल्यापासून टपरीवाल्याकडेही सुट्टे नसतात आणि कंडक्टर पाचशेची नोट बघून कपाळाला हात लावतो. चौघांना तीन दिवसांसाठी हजार रुपयांची मोड बँकेतून काढून ठेवा : दहाच्या २०, वीसच्या २० आणि पन्नासच्या ८ नोटा. सगळी रक्कम तीन ठिकाणी वाटून ठेवा. एटीएम कार्ड घ्या आणि त्याचा पिन पाठ आहे का ते निघण्याआधी मशिनवर जाऊन बघा. पैसे लागलेच तर खानापुरात काढा, पुढच्या गावांचा भरवसा धरू नका.

स्वतःच्या गाडीने जात असाल तर फास्टॅग आधीच भरा. कोल्हापूरहून येताना कोगनोळी आणि हत्तरगी, कित्तूर-धारवाडकडे जाताना हिरेबागेवाडी असे टोल लागतात. शिल्लक संपली तर फोनशिवाय ती तिथे भरता येत नाही आणि रोखीने दुप्पट पैसे मोजावे लागतात.

एसटी, रेल्वे, नकाशा

बसवरच्या पाट्या कानडीत असतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आधीच एखाद्या कानडी जाणणाऱ्या शेजाऱ्याकडून पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर जायच्या गावांची नावं ठळक अक्षरात लिहून घ्यावीत, खाली मराठीत तेच नाव. हा पुठ्ठा बसच्या पाटीशी ताडून बघता येतो आणि कुणालाही दाखवता येतो. तोंडी चौकशीला तीन शब्द पुरतात : ‘एल्ली’ म्हणजे कुठे, ‘यावाग’ म्हणजे केव्हा, ‘एष्टु’ म्हणजे किती.

पोचल्याबरोबर स्टँडवरच्या चौकशी खिडकीत परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा विचारून वहीत लिहा. बेत नेहमी शेवटून दुसऱ्या गाडीचा करा. खेड्याकडची शेवटची गाडी कधीकधी येतच नाही, आणि फोन नसताना अंधारात स्टॉपवर उभं राहणं मुलाबाळांसोबत बरं नाही. वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप, मिळेल या आशेवर राहू नका.

कर्नाटकचा पत्ता असलेल्या बायकांना राज्यातल्या साध्या बसमध्ये शक्ती योजनेखाली जून २०२३ पासून मोफत प्रवास आहे, मात्र पत्त्याचं ओळखपत्र दाखवावं लागतं. माहेर बेळगावचं पण आधारवर पत्ता कोल्हापूरचा, तर तिकीट काढावंच लागेल. रेल्वेचं आरक्षण कागदावर छापून घ्या. बेळगाव-खानापूर-लोंढा असा जवळचा प्रवास असेल तर खिडकीवरच तिकीट काढा. मोबाइल ॲपवर काढलेलं कागदाविना अनारक्षित तिकीट त्याच मोबाइलवर दाखवावं लागतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा, १:५०,००० प्रमाणाचा असेल तर उत्तम. त्यावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. वळणावळणाच्या वाटेवर दोरा ठेवून मग तो पट्टीवर मोजला की अंतर कळतं. मुलं बरोबर असतील तर तासाला ३ किलोमीटरच धरा, चढाला त्याहून कमी. जंगलाच्या कडेने अंधार पडायच्या तासभर आधी माघारी फिरा. या भागात अस्वलं आहेत.

फोनचं काय करायचं

सगळ्यात चांगलं म्हणजे फोन बंद करून एका स्टीलच्या डब्यात घालून तो घरच्या कपाटात ठेवणं. सोबत नेऊन ‘बघायचा नाही’ असं ठरवलं तर ते निभत नाही. घरी आजारी माणूस असेल, सोबत तान्हं मूल किंवा हृदयरोगी असेल, तर एक साधा बटणांचा फोन पूर्ण चार्ज करून, बंद करून, पाकिटात घालून चिकटवा. पाकीट कधी फोडायचं ते वरच लिहा : अपघात, आजारपण, अंधारात अडकणं. खाली सगळ्यांच्या सह्या, मुलांच्यासुद्धा. चौथं कारण वाटेत सुचलं तरी लिहायचं नाही. कार्डावर ११२ आणि १०८ हे क्रमांक, घरच्या दोन जणांचे आणि डॉक्टरांचे नंबर शाईने लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा.

घरच्यांना ‘रोज रात्री फोन करतो’ असं सांगू नका. एखाद्या रात्री जमलं नाही की तिकडे जिवाला घोर लागतो आणि इकडे तुमचं अर्धं लक्ष घड्याळात. ‘फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, काम पडलं तर मालकाच्या नंबरवर निरोप द्या’ एवढंच ठरवा. ऑफिसला तारखा आठवडाभर आधी कळवा. वीजबिल, हप्ते, गॅसचं बुकिंग, ज्या ज्या गोष्टींना ओटीपी लागतो त्या निघण्याआधी उरका. घर बंद असल्याची जाहिरात मात्र स्टेटसवर टाकू नका, ज्यांना गरज आहे त्यांना वेगवेगळं सांगा.

पिशवीत काय

मनगटी घड्याळं दोन तरी. चावीचं गजराचं घड्याळ, तेही घरी दोन रात्री लावून पाहिलेलं, कारण कपाटात पडून राहिलेली घड्याळं हमखास मागे पडतात. बॅटऱ्या दोन, जास्तीचे सेल. औषधांचा सकाळ-संध्याकाळ असे खण असलेला डबा. शिट्टी. पत्ते, सागरगोटे, सापशिडीचा पट. रेघा नसलेली वही माणशी एक, २बी पेन्सिली, खोडरबर. आणि ज्याला जे वाचायचं ते पुस्तक, एकच. कॅमेराही नको. फोटो काढायची सवय हातातून जायला वेळ लागतो, ती वहीकडे वळवायची.

कशी वळवायची ते हलशीत करून पाहा. ही कदंबांची जुनी पलाशिका. भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत आणि त्यातली वराहाची मूर्ती ११८६-८७ मधली आहे. मूर्तीसमोर पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं, वही मिटलेली. मग बाहेर पायरीवर बसून आठवेल तसं काढायचं : हात किती, कुठल्या हातात काय, पाय कुठे टेकलेत, पृथ्वी कुठल्या बाजूला. चित्र चांगलं येण्याशी काही संबंध नाही. काढून झालं की आत जाऊन ताडून पाहायचं. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळ्यांचं काहीतरी हुकतं, आणि दुसऱ्यांदा आत गेल्यावर पाहणं एकदम बारीक होतं. चौघांनी चार वह्यांत काढलं तर त्यावर तासभर वाद सहज होतो.

कठीण वेळा

दुपारी दोन ते चार आणि रात्री जेवणानंतर, या दोन वेळा सांभाळल्या की बाकी दिवस आपोआप जातो. दुपारी कार्यक्रम ठेवू नका, झोपा किंवा वाचा. रात्रीसाठी अमावास्या घेतली ती इथे कामी येते. बॅटरीच्या काचेला लाल जिलेटीन कागद लावा, अंगणातले दिवे मालकाला सांगून बंद करा आणि वीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. डिसेंबर-जानेवारीत नऊच्या सुमारास पूर्वेला मृग दिसतो. त्याच्या मधल्या तीन ताऱ्यांची रेघ वर वाढवली की तांबूस रोहिणी, आणखी वर कृत्तिकांचा पुंजका. तीच रेघ खाली आणली की लखलखीत व्याध. व्याध झाडांआड असेल तर तासाभराने वर येतो.

दहा ते पंधरा वयाची मुलं पहिल्या दिवशी कुरकुरतात. समजूत घालत बसू नका, कामं द्या. एक जण वेळ सांगणार, एक नकाशा धरणार, एक बसचा हिशेब ठेवणार. खरी कामं द्या, म्हणजे हिशेब त्यांच्याच हातात आणि चुकला तरी मोठ्यांनी हिसकावून घ्यायचा नाही.

चुकामूक झाली तर काय, हे घरीच सांगून ठेवा. जिथे शेवटचे सगळे एकत्र होतो त्या जागी परत यायचं आणि अर्धा तास हलायचं नाही. तरीही कुणी आलं नाही तर लहानांनी जवळच्या दुकानातल्या काकांना किंवा मावशीला खिशातलं कार्ड दाखवायचं, मोठ्यांनी मुक्कामावर जायचं. बाजाराच्या दिवशी खानापुरात किंवा बेळगाव स्टँडवर हा नियम लागतोच.

परतल्यावर डबा लगेच उघडू नका. आंघोळ, जेवण, कपडे भिजत घालणं होऊ द्या. मग आधी मिस्ड कॉल पाहा आणि घरच्यांचे, डॉक्टरांचे, ऑफिसचे तेवढे परत करा. बँकेचे मेसेज त्यानंतर. व्हॉट्सॲपचे ग्रुप दुसऱ्या दिवशी सकाळी, तेही न वाचता एकदम ‘वाचले’ करून टाकले तरी चालतात. दारावरचा तो पहिला कागद मात्र फाडू नका. जी कामं अडली त्यांच्यासमोर खूण करा आणि पुढच्या खेपेला त्यावरूनच सुरुवात करा.