धाब्याच्या घरात सापडलेली जुनी बंदूक: आधी कागद, मग कापड

धरणगाव, एरंडोल, शिरपूर, नंदुरबार या भागात जुनं धाब्याचं घर उतरवताना कडीपाटाच्या फटीत, बळदात नाहीतर माळ्यावर घोंगडीत गुंडाळलेली लांब वस्तू निघते. १८२५ साली जेम्स औट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. देशमुख-पाटलांच्या वाड्यांवर शिबंदी होती, सातपुड्यात शिकार होती. त्यामुळे बंदूक निघाली तर नवल नाही. नुकसान होतं ते पुढच्या दोन दिवसांत. कुणीतरी ती अंगणात नेऊन वाळूकागदाने चकचकीत करतो, आणि पोलीस पाटलाला कळतं पंधरा दिवसांनी.

पहिली गोष्ट, ती भरलेली आहे असंच धरून चाला. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासायच्या, बंदुका भरून ठेवायची पद्धत होती, आणि काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनंतरही पेटते. घोडा ओढून बघू नका, चाप दाबू नका, उन्हात तापत ठेवू नका. निपलवर, म्हणजे घोडा जिथे आपटतो त्या बारीक नळकांडीवर, तांब्याची टोपी बसलेली दिसली तर ती नखाने उचकटायची नाही, कारण टोपीतला मसाला ठोक्याने पेटतो.

नळी रिकामी आहे का हे बघायची जुनी रीत सोपी आहे, पण ती जाणकार माणसासमोर, शक्यतो परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या किंवा पोलिसांच्या उपस्थितीतच करा. नळीच्या भोकापेक्षा बारीक, सपाट टोकाची बांबूची काठी घ्यायची. लोखंडी गज नको. बाजूला उभं राहून काठी हलकेच आत सोडायची, थांबली की नळीच्या तोंडाशी खूण करायची, मग बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघायची. काठीचं टोक रंजकाच्या (दारू पेटवायच्या) छिद्रापर्यंत किंवा निपलपर्यंत पोहोचायला हवं. तीन-चार बोटं अलीकडेच अडलं तर आत काहीतरी आहे. कधी ते कुंभारमाशीचं मातीचं घर असतं. पण बाहेरून फरक कळत नाही, म्हणून बंदूक भरलेलीच समजून तिथेच थांबायचं.

ही कसोटी फक्त ठासणीच्या बंदुकीची. मागे बोल्ट असलेली, काडतूस घेणारी रायफल असेल तर बोल्ट ओढून बघायचाही नाही.

आता कागद. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ नुसार, शस्त्र बाळगणं ज्याला कायदेशीर राहिलेलं नाही त्याने ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. वडील वारले आणि परवाना त्यांच्या नावावर होता, तरी वारसाला हेच लागू. बंदूक उचलून ठाण्यात नेऊ नका, कारण विनापरवाना नेणं हाच वेगळा विषय होतो. आधी फोन करा, अर्ज लिहा, त्यांना येऊ द्या. भिंतीत किंवा जमिनीत लपवलेली, मालक कोण ते माहीत नसलेली वस्तू निघाली तर १८७८ चा निखात निधी कायदाही लागतो. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या अशा वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पावतीत. ‘जुनी बंदूक नग एक, गंजलेली’ एवढंच लिहिलेली पावती चार वर्षांनी काहीच सिद्ध करत नाही. पावतीवर एकूण लांबी, नळीची लांबी, भोकाचा व्यास, कळीवरची (घोडा-चापाच्या यंत्रणेवरची) अक्षरं आणि नळीवरचे क्रमांक लिहून घ्या. जमा करण्याआधी पोलिसांसमोरच मोजपट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंचे, कळीचे आणि दस्त्याचे फोटो काढा. एक प्रत अर्जाला जोडा.

मोजमापावरूनच निम्मी ओळख पटते. सरळ, बारीक दस्ता, नळीवर पितळी किंवा चामडी बांध, आणि दस्त्याच्या फटीतून वर येणारा नागमोडी घोडा असेल तर ती तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटणारी, देशी बंदूक. टोपीची, तीन पट्ट्यांची, साधारण १४० सेंटीमीटर लांब, ९९ सेंटीमीटर नळीची आणि १४.७ मिलिमीटर भोकाची असेल तर १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड. तशीच दिसणारी, पण भोक साडेसोळा मिलिमीटरच्या आसपास आणि आतून गुळगुळीत असेल तर १८५७ नंतर देशी पलटणींना मुद्दाम दिलेली बिनआट्याची बंदूक. खालची तरफ ओढल्यावर नळीमागच्या ठोकळ्याचं पुढचं तोंड खाली झुकणारी, १२५ सेंटीमीटरच्या आत-बाहेरची ती मार्टिनी-हेन्री. आणि ११३ सेंटीमीटरची, नाकापर्यंत लाकडाने झाकलेली, ७.७ मिलिमीटर भोकाची म्हणजे आपली थ्री नॉट थ्री.

खोटा माल ओळखायची एक सोपी खूण आहे. मुकुटाखाली ‘व्ही. आर.’ म्हणजे व्हिक्टोरिया राणी, आणि ती १९०१ मध्ये वारली. ‘व्ही. आर.’च्या खाली १९०७ कोरलेलं असेल तर ती वायव्य सरहद्दीकडची नक्कल. उलटी पडलेली इंग्रजी अक्षरंही त्याच घराण्यातली.

या ओळखीवरच पुढचा रस्ता ठरतो. फेब्रुवारी २०२० च्या दुरुस्तीनंतर ‘क्युरिओ’ (संग्रहाच्या जुन्या वस्तू) वर्गातली लहान शस्त्रं बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. मात्र वापरायला, सोबत न्यायला किंवा हलवायला लागतो. तुमची बंदूक त्या वर्गात बसते की नाही, हे बाजारातला जुन्या वस्तूंचा व्यापारी ठरवत नाही. धुळे, जळगाव, नंदुरबारला परवाना अधिकारी जिल्हाधिकारी आहेत, त्यांच्याकडून लेखी घ्या. थ्री नॉट थ्रीला ही वाट नाही. ते लष्करी काडतुसाचं शस्त्र आहे आणि प्रतिबंधित बोअरमध्ये (सामान्य माणसाला मनाई असलेल्या भोकाच्या वर्गात) मोडतं. साधा परवाना असला तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि वारशाने आलेलं शस्त्रही त्या दोनातच धरलं जातं.

परदेशातून मागवण्याबद्दल विचारणा बरीच होते. काठमांडूच्या लगन सिलेखाना या शस्त्रागारातला जुना साठा २००३ साली अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला, तेव्हापासून अमेरिकेत मार्टिनी आणि एनफिल्ड संग्राहकांना सहज मिळतात. बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या रायफलीही तिथल्या दुकानांत दिसतात. तरी पार्सलने इथे मागवू नका. आयातीला शस्त्र अधिनियमाच्या कलम १० खाली वेगळा परवाना लागतो आणि हौशी संग्राहकासाठी तो रस्ता व्यवहारात बंदच आहे. ब्रिटनमधला निकामी केल्याचा दाखला इथल्या कार्यालयावर बंधनकारक नाही. जुन्या, निकामी शस्त्राला कायद्यातून सूट देणाऱ्या आपल्या कलम ४५ ची कसोटी कडक आहे: दुरुस्ती करूनही ते शस्त्र चालू होता कामा नये.

शस्त्र कायदेशीरपणे तुमच्याकडे राहिलं, तर कापड हातात घ्या. आधी गंज वाचा. काळपट-तपकिरी, घट्ट, बोटाला न लागणारा थर हा गंज म्हणून काढायचा नसतो. ते नळीचं वय आहे आणि खालच्या अक्षरांचं संरक्षणही. भगव्या भुकटीसारखा उडणारा गंज मात्र जिवंत आहे.

खानदेशात याला एक खास कारण भेटतं. धाब्यावरची खारी माती वर्षानुवर्षं कडीपाटातून झिरपते आणि तिच्यातलं मीठ लोखंडात मुरतं. अशी नळी पावसाळ्यात घाम फुटल्यासारखी दिसते: पिवळट, मोहरीएवढे थेंब, खाली खळगा. त्यावर तेल चोपडलं तर मीठ आत कोंडतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून पिळलेल्या कापसाच्या बोळ्याने तेवढाच भाग पुसा, लगेच स्पिरिटने कोरडा करा, आणि बोळ्यावर रंग येईनासा होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करा. लाकडाला पाणी लागू देऊ नका. उरलेल्या भुकटीला बांबूची काडी आणि हलकं मशीन ऑइल पुरतं. वायर ब्रश, ग्राइंडर, चिंच, लिंबू, व्हिनेगर यांनी कोरीव अक्षरं जातात, आणि अक्षरं गेली की ओळखच गेली.

घाण्याचं करडईचं किंवा जवसाचं तेल लोखंडाला लावू नका. ही तेलं हवेत सुकून चिकट पापुद्रा धरतात आणि त्यात धूळ बसते. लोहाराकडून घोडा ‘मोकळा’ करून घेणं तर कटाक्षाने टाळा. तो मोडेलच, शिवाय विनापरवाना दुरुस्ती हा गुन्हा आहे.

ठेवताना उभी टेकवू नका. दोन ठिकाणी सुती गाद्या घालून आडवी ठेवा. चामडी म्यान, गोणपाट, घोंगडी नको, ती ओल धरतात आणि चामड्यातलं आम्ल लोखंड खातं. न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळा. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात लाकूड आकसतं आणि दस्त्याला कळीजवळ केसासारखी चीर जाते, म्हणून पत्र्याखालची खोलीही नको. शेजारी आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ५० च्या आसपास राहील असं बघा. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की वाळवून परत ठेवा. जुलै ते सप्टेंबर दर पंधरवड्याला पट्ट्यांच्या खालची बाजू बघा, गंज तिथेच आधी धरतो.