रूल चालत नाही? आधी रूलला हात लावू नका

ऐन हंगामात लातूरच्या एका आडतीवरून फोन आला: "भाऊ, चौदा ओलाव्याच्या सोयाबीनलाही कटती लागेना." आमचा हिशोब ड्रूल्सवर चालतो, म्हणजे नियम (रूल) लिहून दिले की त्यांवरून निर्णय घेणाऱ्या सॉफ्टवेअरवर. नियम साधा होता, ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर कटती (कपात) लावा. मी दीड दिवस तो रूलच उलटसुलट लिहून पाहिला. रूल पहिल्यापासून बरोबर होता.

चूक रूलच्या आधीच्या कोडमध्ये होती. गाडी गेटवर आली की आमचा कोड मालाची नोंद ड्रूल्सच्या सेशनमध्ये (नियम तपासण्याच्या सत्रात) इन्सर्ट करायचा. त्या वेळी ओलाव्याच्या जागी शून्य असायचं. माप नंतर झालं की जावा कोड त्याच ऑब्जेक्टमध्ये १४ भरायचा, पण इंजिनाला, म्हणजे ड्रूल्सला, कळवायचाच नाही. इंजिन अट तपासतं ते फॅक्ट (अशी नोंद) आत येताना. मग तुम्ही परस्पर आकडा बदलला तर ते पुन्हा बघायला येत नाही. सेशनवर अपडेट बोलवा किंवा रूलच्या आत बदलत असाल तर मॉडिफाय वापरा. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत हीच चूक सगळ्यांत जास्त दिसते, आणि कुठलाही एरर न येता ती तशीच राहते.

म्हणून आता पहिलं काम एकच: अजेंडा इव्हेंट लिसनर (कोणता रूल चालायला तयार झाला ते कळवणारा कोड) जोडायचा आणि मॅच तयार झाली का, म्हणजे नोंद अटीत बसली का, ते बघायचं. झालीच नसेल तर दोष डेटात किंवा अटीत आहे. मॅच झाली पण रूल फायर झाला (चालला) नाही, तर अजेंडा ग्रुपला (रूलच्या गटाला) फोकस दिला नसेल, नाहीतर दुसऱ्या रूलने आधी चालून अट मोडली असेल. हे दोन रस्ते वेगळे आहेत. हे न बघता सॅलियन्सचे (रूलच्या प्राधान्याचे) आकडे वाढवत बसणं म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

मॅचच होत नसेल तर मजकूर तपासा. आपल्याकडे काही जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये बदलली. रूलमध्ये "उस्मानाबाद" आणि नव्या नोंदीत "धाराशिव" असेल तर त्या जिल्ह्याचा एकही शेतकरी अटीत बसत नाही. रूल नावावर लिहूच नका, जिल्ह्याच्या कोडवर लिहा. सातबाऱ्याचंही तसंच. तिथे १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर. कुणी तो आकडा एकर समजून भरला तर रूल चालतो, पण चुकीच्या माणसासाठी. एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर, आणि अल्पभूधारकाची मर्यादा २ हेक्टर आहे. इथे चूक झाली तर लाभ नको त्याला मिळतो.

उलट तक्रारही येते: रूल थांबतच नाही. लोक लगेच नो-लूप लावतात. पण नो-लूप फक्त रूलने स्वतःच केलेल्या बदलामुळे तोच पुन्हा चालणं रोखतो. दराचा रूल कटतीच्या रूलला जागवतो आणि कटतीचा दराच्या रूलला, असं चक्र त्याने तुटत नाही. लॉक-ऑन-ॲक्टिव्हने (गट चालू असताना त्यातले रूल पुन्हा जागे होऊ न देणाऱ्या खुणेने) तुटतं, पण मग हवा असलेला रूलही कधीकधी गप्प बसतो. मला पटलेला उपाय म्हणजे "कटती अजून लावलेली नाही" ही अट रूलमध्येच लिहायची.

स्टेटफुल सेशन (आधीच्या नोंदी धरून ठेवणारं) वापरत असाल तर पावती झाली की ते डिस्पोज (बंद) करा. नाहीतर आधीच्या शेतकऱ्याचा माल पुढच्याच्या हिशोबात मिसळतो.

तारखेचा घोळ मात्र उशिरा उघडा पडतो. २०२४ च्या खरिपात केंद्र सरकारने हमीभावाच्या सोयाबीन खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. असा तात्पुरता नियम डेट-इफेक्टिव्ह आणि डेट-एक्सपायर्स (रूल कधीपासून आणि कधीपर्यंत चालेल त्या तारखा) लावून लिहायचा मोह होतो. पण ते सेशनच्या घड्याळावर चालतात, पावतीच्या तारखेवर नाही. पुढच्या वर्षी तीच जुनी पावती तपासायला घेतली की १४ टक्क्यांचा माल नापास दिसेल. खरेदीची तारीख फॅक्टमध्ये ठेवा आणि अट तिच्यावर लिहा.