जुनी चूल ओळखायची, तर आधी हुरड्याची आगटी कापा

पैठणजवळच्या आपेगावात उत्खननात ताम्रपाषाणयुगातली, म्हणजे दगडासोबत तांबंही वापरायच्या काळातली वस्ती निघाली. गोदाकाठी नांगराला राख, भाजकी माती लागली की आपलाही जीव वर-खाली होतो. पण ती 3000 वर्षांपूर्वीची चूल की मागच्या पौषातली आगटी?

सुरुवात आगटीपासूनच करा. गेल्या हिवाळ्यात हुरडा भाजलेला खड्डा पावसाळा सरल्यावर खुरप्याने उभा अर्धा कापा. राख बरीचशी वाहून गेलेली असेल. उरतात कोळशाचे कण आणि आच जोरात लागली असेल तिथे तांबूस कड. मातीतल्या लोहामुळे ती कौलासारखी लाल होते. एका हुरड्यात जेमतेम नखभर. रोज पेटणाऱ्या चुलीखाली चांगली जाड. म्हणून जुन्या जागी राखेपेक्षा ही कड शोधा.

मग दगड बघा. आपला काळा पाषाण आचेने तडकतो, तुकडे टोकदार निघतात. कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा दगड मात्र नुसता झिजलेला. हाड आधी काळं पडतं, जास्त तापलं की पांढरं. चुनखडीचे खडे इथे हमखास फसवतात. मोडलेल्या कडेला बारीक जाळी दिसली तरच हाड समजा.

किती खोल सापडलं यावर जाऊ नका. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं सगळं खाली उतरतं. मला हातभर खोल कोळसा मिळाला होता. दोन दिवस हरखून फिरलो. तिसऱ्या दिवशी त्याच भेगेतून गुटख्याची पुडी निघाली.

खापरांचंही तसंच. गावच्या पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणाची माती ट्रॉलीने शेतात टाकायची जुनी रीत, तिच्यासोबत खापरंही येतात. भाजक्या मातीला चिकटून खापर, गारगोटीची धारदार पाती, हाड असं एकत्र दिसलं तरच थांबा.

थांबा म्हणजे उकरू नका. मापाला खुरपं ठेवून फोटो काढा, गट नंबर लिहा, राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. कोळशाला हात नको. त्यातला कार्बन-14 दर 5730 वर्षांनी निम्मा होतो, त्यावरून वय काढतात. आजची मुळी किंवा तेलकट बोट लागलं तर हिशोब चुकू शकतो. उघडी पडलेली कड मातीने झाकून घ्या, नाहीतर पहिल्याच अवकाळीत ढासळेल.